थांग

वडील म्हणायचे, समुद्र कुणाचाच नसतो,
त्याचा थांग मात्र सरकारचा.
दर जानेवारीत ते हार्लिंगेनहून आगगाडीनं जायचे,
जाड लिफाफ्यात शुल्क घेऊन,
आणि परतायचे ते आकड्यांची वळकटी काखेत मारून:
कुठं किती पाणी, कुठं वाळूनं पाठ वर काढलीय,
कुठली खाडी यंदा सरकली.
आम्ही ते छापायचो, कोळंबीवाल्यांना विकायचो.
माझं शिक्षण, आईचे दात, छपराची कौलं,
सगळं त्या उथळ पाण्यावर तरलं.
उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात;
आमच्याकडे त्याला गिऱ्हाईकही फार.

मग एका सोमवारी पत्र आलं, दोन ओळींचं.
यापुढे शुल्क नाही. ज्याला हवे त्याने घ्यावे.
कुलूप न तोडता कुणी दुकान नेलं
तर फिर्याद कुणाकडे द्यायची?

खरं तर पत्रात चूक नव्हती.
मोजणीची होडी कराच्या पैशावर चालायची,
तो कर लोल्केही भरायचा,
आणि वर माझ्याकडून नकाशा घ्यायचा.
एकाच माशाचे दोनदा पैसे.
हे मला माहीत होतं. वडिलांनाही असणार.
जेवताना हा विषय निघत नसे.

लोल्के आला, फोन काउंटरवर ठेवला.
पडद्यावर आमचीच वाळू, निळ्या रंगात, फुकट.
"बेकरीच्या माडीवरच्या रिन्सेनं केलंय.
तुझ्या नकाशाच्या पैशात आता डिझेल येतं, आउक्ये."
म्हणाला, आणि ओशाळून
एक पेन्सिल विकत घेतली.

त्या वर्षी बरंच उगवलं.
शिंपल्यांचे दोर कुठं बांधायचे
ते सित्स्केनं घरबसल्या शोधलं,
तेच आकडे बँकेत दाखवून कर्ज काढलं.
ओहोटीच्या चिखलातून पाहुण्यांना बेटापर्यंत चालवत नेणाऱ्या
दोन बहिणींनी तिसरी मुलगी कामावर घेतली.
आणि हाम्बुर्गच्या एका कंपनीनं
सगळंच्या सगळं एका रात्रीत उचललं,
चकचकीत वेष्टनात घालून
आम्हालाच विकायला काढलं.
विहीर उघडी केली की कळश्या येतात,
टँकरही येतात.

बाउकेनं सव्वीस वर्षं परवान्यांवर शिक्का मारला.
आता दुपारी माझ्या दुकानात येऊन बसतो,
टेबलावर मूठ हलकेच आपटत राहतो.
मी कॉफी देते. शुल्क नाही, म्हणते.
तो हसत नाही.

ऑक्टोबरच्या वादळानंतर
सित्स्केची होडी गडद निळ्या रंगावर रुतली.
आकडा मार्चचा होता.
वाळू कॅलेंडर बघत नाही.
अंधारात, गुडघाभर पाण्यात उभी राहून
तिनं फोन केला तो मला.
कारण वडिलांची वही माझ्याकडे होती,
नावाड्यांच्या तोंडून ऐकून लिहिलेली:
"तिसऱ्या बोयाच्या डावीकडे चढतेय."
"आडवा वारा असला तर इथून नको."
ती आम्ही कधी विकली नव्हती,
नकाशा गुंडाळून देताना नुसती सांगायचो.

हाम्बुर्गवाल्यांनी वहीची किंमत विचारली.
रक्कम चांगली होती. छप्पर पुन्हा गळतंय.
दोन आठवडे ती वही उशाखाली घेऊन झोपले,
झोपले म्हणजे पडून राहिले.

आता दर शनिवारी लोल्केच्या होडीवर जाते.
पैसे मिळतात: फेरीबोट देते, सित्स्के देते,
विमावाले देतात पण उशिरा.
आकड्याचे नाहीत ते,
त्या थंडीत उभं राहण्याचे.
शिसं सोडायचं, दोरी बोटांतून पळू द्यायची,
तळ लागला की हाताला कळतं.
वडिलांच्या वहीतलं एकेक पान
असं पुन्हा पाण्यात घालून तपासते.

"सव्वादोन!" मी ओरडते,
रिन्से लिहितो,
आणि लिहिलं की ते सगळ्यांचं.
हाम्बुर्गलाही ऐकू जात असेल.
जाऊ दे.
वारा फार असला
तर मी परत एकदा ओरडते.